दोन नावांची एक बोट : बुसान ते शिमोनोसेकी

दक्षिण कोरियातील बुसान आणि जपानमधील शिमोनोसेकी या दोन बंदरांमध्ये रात्रीची एक प्रवासी बोट चालते. जपानी लोक तिला ‘काम्पु’ म्हणतात आणि कोरियन लोक ‘पुग्वान’. दोन्ही नावांत चिनी लिपीतली अक्षरे तीच आहेत, एक शिमोनोसेकीच्या नावातले आणि एक बुसानच्या नावातले. जपानी नावात शिमोनोसेकीचे अक्षर पुढे येते, कोरियन नावात बुसानचे. कामानिमित्त वर्षभर उल्सानला राहत असताना जोडून आलेल्या सुट्टीत मी या बोटीने जाऊन आलो. खाली लिहिले आहे ते या सेवेचे परीक्षणच आहे; परंतु या दोन देशांमधील राजनैतिक संबंध १९६५ साली पूर्ववत झाले नसते तर ही बोट आजच्या रूपात चाललीच नसती, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिताना त्या कराराबद्दल लिहिणे मला टाळता आलेले नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याला लवकर पोचायचे आहे त्याने या बोटीच्या वाटेला जाऊ नये. बुसानच्या गिमहे विमानतळावरून फुकुओकाला विमान तासाभरात उतरते, आणि स्वस्त विमान कंपन्यांचे भाडे कधीकधी बोटीच्या भाड्याच्या जवळपास येते. बोटीचे भाडे हंगामाप्रमाणे आणि इंधनाच्या अधिभाराप्रमाणे बदलते, शिवाय धक्क्याचे शुल्क वेगळे भरावे लागते, म्हणून इथे आकडा देत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी जपानचा व्हिसा आधीच काढलेला असावा आणि परतीसाठी कोरियातील निवासपत्र जवळ बाळगावे. बोटीवर चढताना दोन्हींची विचारणा होते.

बुसानचे आंतरराष्ट्रीय प्रवासी टर्मिनल २०१५ साली उघडले. ते रेल्वे स्थानकाच्या मागेच आहे आणि स्थानकातून पादचारी पुलावरून तिथे चालत जाता येते. बोट रात्री नऊच्या सुमारास सुटत असल्याने सगळा दिवस हाती असतो. तो दिवस समुद्रकिनाऱ्यावर घालवण्याऐवजी शहरातील देयॉन-डोंग भागातल्या सक्तीच्या मजुरीविषयीच्या राष्ट्रीय संग्रहालयात घालवावा, असे मी सुचवीन. जपानी राजवटीत खाणी, कारखाने आणि युद्धभूमीकडे नेलेल्या कोरियन लोकांपैकी फार मोठी संख्या याच बंदरातून रवाना झाली, म्हणून हे संग्रहालय बुसानला उभारले गेले. ते पाहून संध्याकाळी त्याच बंदरात तिकीट दाखवून शिडी चढताना पाय थोडे जड होतात, एवढे मात्र खरे.

स्वस्त तिकिटात खोली मिळत नाही, जागा मिळते. सगळ्यांनी मिळून झोपण्याच्या एका मोठ्या दालनात प्रत्येकाला पातळ गादी, उशी आणि पांघरूण दिले जाते आणि शेजारी कोण येईल ते नशिबावर सोडावे लागते. कोकण बोटीच्या डेकवर वळकटी पसरून मुंबईला येणाऱ्या आमच्या मागच्या पिढीला ही व्यवस्था मुळीच परकी वाटली नसती. सामूहिक स्नानाचा मोठा हौद जहाजावर आहे; जपानी आणि कोरियन प्रवासी शिरल्या शिरल्या तिकडे वळतात आणि भारतीय प्रवासी ‘उद्या हॉटेलात करू’ असे म्हणत गादीवर बसून राहतो. मी दुसऱ्या गटात मोडत होतो, परंतु परतीच्या वेळी धीर केला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

माझ्या शेजारी सत्तरीच्या पलीकडची एक कोरियन बाई होती. तिच्याभोवती कापडात बांधलेली पाच बोचकी होती. या मार्गावर माल ने-आण करणाऱ्या बोचकेवाल्या बायकांची परंपरा जुनी आहे: इकडून तिकडे खाण्याचे जिन्नस न्यायचे, तिकडून इकडे औषधे, घरगुती वस्तू आणायच्या, आणि दोन्ही बाजूंच्या भावातल्या फरकावर घर चालवायचे. आता त्यांची संख्या पुष्कळ रोडावली आहे. माझ्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये ‘हाल्मोनी’ म्हणजे आजी अशी हाक मारून मी तिला विचारले, की सर्वांत वाईट दिवस कोणते गेले. महामारीचे, असे उत्तर मला अपेक्षित होते. ती म्हणाली, “त्याच्या आदल्या वर्षाचा उन्हाळा. साथीत बोटच बंद होती, तेव्हा घरी बसलो. पण त्या उन्हाळ्यात बोट होती आणि माणसे नव्हती. आम्ही दोघीतिघी या एवढ्या दालनात.”

तो उन्हाळा २०१९ चा. त्याच्याकडे येण्यापूर्वी बोटीची जन्मकथा सांगितली पाहिजे.

या मार्गावरची पहिली नियमित बोट ११ सप्टेंबर १९०५ रोजी सुरू झाली. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सोल ते बुसान रेल्वे पूर्ण झाली होती आणि पलीकडे शिमोनोसेकीपर्यंत जपानची रेल्वे आलेली होती. मधला समुद्र तेवढा सांधायचा राहिला होता, तो या बोटीने सांधला. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरात, जपानने कोरियाला आपले संरक्षित राज्य करून घेतले आणि २२ ऑगस्ट १९१० च्या कराराने ते सरळ खालसा केले. पुढची ३५ वर्षे या बोटीतून जपानी अधिकारी, व्यापारी आणि वसाहतवाले बुसानला उतरत राहिले, आणि उलट दिशेने जमीन गमावलेले शेतकरी, विद्यार्थी आणि १९३९ नंतर सक्तीने भरती केलेले मजूर जात राहिले. कागदोपत्री कोरियन माणूस जपानी सम्राटाचा प्रजाजन होता. तरीही बोटीत पाय ठेवण्यासाठी त्याला पोलिसांकडून प्रवासाचा दाखला आणावा लागे. जपान्याला तो लागत नसे. युद्धाच्या काळात, ऑक्टोबर १९४३ मध्ये, या मार्गावरील ‘कोनरोन मारू’ ही बोट अमेरिकन पाणबुडीने बुडवली आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. १९४५ साली साम्राज्य संपले आणि बोटही संपली.

त्यानंतर तब्बल पाव शतक या मार्गावर नियमित प्रवासी सेवा नव्हती. ती जून १९७० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याला कारण होता २२ जून १९६५ रोजी तोक्योमध्ये सह्या झालेला मूलभूत संबंधांचा करार. या करारासाठी चौदा वर्षे घासाघीस झाली, तीही अमेरिकेच्या आग्रहावरून. दोघेही आपल्या गोटात असावेत आणि एकमेकांशी बोलत असावेत, अशी शीतयुद्धात अमेरिकेला निकड होती. प्राथमिक बैठका १९५१ मध्ये झाल्या. १९५२ च्या जानेवारीत दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी समुद्रात स्वतःची रेषा आखली आणि तिच्या आत सापडलेल्या शेकडो जपानी मच्छिमार बोटी पुढच्या वर्षांत पकडल्या गेल्या. १९५३ मध्ये जपानचे प्रतिनिधी कुबोता यांनी, जपानी राजवटीमुळे कोरियाचे भलेही झाले, अशा आशयाचे विधान बैठकीतच केले आणि बोलणी चार वर्षांहून अधिक काळ ठप्प झाली. १९६१ मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांना कारखानदारीसाठी पैसा हवा होता. त्यांनी बोलणी पुढे रेटली आणि १९६४ च्या जूनमध्ये सोलच्या रस्त्यांवर विद्यार्थी विरोधासाठी उतरले, तेव्हा शहरात लष्करी कायदा लावला.

करारात सर्वांत अवघड जागा होती ती १९१० च्या खालसा करण्याच्या कराराची. कोरियाचे म्हणणे, तो जबरदस्तीने करून घेतला होता, म्हणून पहिल्या दिवसापासूनच बेकायदेशीर. जपानचे म्हणणे, त्या वेळच्या कायद्याने तो वैध होता, पुढे कोरिया स्वतंत्र झाला तेव्हा तो संपुष्टात आला. यावर तोडगा काढला गेला तो एका इंग्रजी शब्दाने. जुने करार ‘ऑलरेडी’ निरर्थक आहेत, असे दुसऱ्या कलमात लिहिले गेले. जपानी मसुद्यात ‘मोहाया’ आणि कोरियन मसुद्यात ‘इमी’. ‘आधीच’ म्हणजे कधीपासून, हे कुणी लिहिले नाही. सह्या करून दोन्ही बाजूंचे मंत्री आपापल्या संसदेत गेले आणि त्या एका शब्दाचे दोन अर्थ सांगून दोघांनीही करार मंजूर करून घेतला.

मराठी वाचकाला इथे गोव्याची आठवण व्हावी. पोर्तुगाल आपला शेजारी नव्हे, पण वसाहतीचा हिशेब तोच. १९५५ मध्ये तुटलेले भारत-पोर्तुगाल संबंध ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने जोडले गेले, तेव्हा ‘कधीपासून’ या प्रश्नाचे उत्तर करारातच दिले गेले: गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली भारतीय राज्यघटनेनुसार ज्या ज्या तारखेला भारताचे भाग झाले, त्या त्या तारखेपासून पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. साडेचारशे वर्षांच्या राज्याच्या न्याय-अन्यायाविषयी त्यात निवाडा नाही. परंतु तारखेचा प्रश्न मोकळा ठेवलेला नाही. अर्थात लिस्बनमध्ये त्याच वर्षी क्रांती होऊन जुनी राजवट कोसळली होती आणि नव्या सरकारला वसाहतींचे ओझे उतरवायचेच होते. तोक्योत १९६५ मध्ये तशी परिस्थिती नव्हती.

मध्यरात्रीच्या सुमारास डेकवर गेलो. हवा निरभ्र असेल तर बोटीच्या उजव्या बाजूला लांबवर त्सुशिमा बेटाचे दिवे दिसतात. शब्दांच्या आधाराने संबंध जोडण्याचा धंदा या बेटाला नवा नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या सैन्याने कोरिया दोनदा तुडवला. त्यानंतर कोरियाशी होणाऱ्या व्यापारावरच पोट असलेल्या त्सुशिमाच्या सरदाराने दोन्ही दरबारांना पुन्हा जवळ आणले, आणि ते करताना त्याच्या लोकांनी राजपत्रांतले शब्द बदलले, प्रसंगी बनावट पत्रे तयार केली. लबाडी १६३० च्या दशकात उघडकीस आली, पण तोवर कोरियन दूतांची जपानला ये-जा रुळली होती. १६०७ ते १८११ या काळात अशी १२ शिष्टमंडळे आली आणि शेवटचे सोडले तर ती शिमोनोसेकीवरूनच गेली. त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या आकामा देवळाजवळ शिलालेख आहे. मला या बनावट पत्रांविषयी राग धरता येत नाही. त्या सरदाराला निदान ठाऊक होते की आपण खोटे लिहीत आहोत आणि ते कशासाठी लिहीत आहोत.

१९६५ च्या करारातला माझा खरा आक्षेप शब्दावर नाही, पैशावर आहे. जपानने ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर सवलतीचे कर्ज द्यायचे, तेही दहा वर्षांत, जपानी माल आणि सेवांच्या रूपात, असे ठरले. शिवाय खासगी व्यापारी कर्जे वेगळी. या पैशालाही बोटीसारखी दोन नावे आहेत. जपानमध्ये ते ‘आर्थिक सहकार्य’, कोरियात ते ‘दाव्यांचा निधी’. सोबतच्या करारात लिहिले गेले की दोन्ही देशांच्या आणि त्यांच्या नागरिकांच्या मालमत्तेचे व दाव्यांचे प्रश्न पूर्णपणे आणि अंतिमतः निकालात निघाले आहेत. त्या निधीतून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला, महामार्गाला पैसा मिळाला, आणि आजच्या समृद्ध कोरियाचा पाया भरला गेला, हे नाकारता येत नाही. पण ज्यांना या बोटीतून नेले गेले होते, त्यांचे काय? त्यांच्या वतीने पैसे घेऊन वाटप आम्ही करू, अशी भूमिका कोरियन सरकारनेच बोलण्यांत घेतली होती, हे २००५ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांतून लोकांना कळले. सत्तरच्या दशकात मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख वॉन दिले गेले. जे जिवंत परत आले होते, त्यांना त्या वाटपात काहीच मिळाले नाही.

म्हणून ३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निप्पॉन स्टील कंपनीला चार मजुरांसाठी प्रत्येकी १० कोटी वॉन देण्याचा आदेश दिला, तेव्हा तो केवळ नुकसानभरपाईचा निकाल राहिला नाही. राजवटच बेकायदेशीर होती, म्हणून तिच्याशी जोडलेल्या सक्तीच्या मजुरीची भरपाई १९६५ च्या हिशेबात धरलीच गेली नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे ‘आधीच’ या शब्दाचा कोरियन अर्थ ५३ वर्षांनी न्यायालयाच्या तोंडून बाहेर पडला. निकालाच्या दिवशी चौघांपैकी एकच हयात होते. जपानने हा १९६५ च्या कराराचा भंग मानला. जुलै २०१९ मध्ये त्याने अर्धवाहक (सेमीकंडक्टर) उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर कडक अटी घातल्या आणि कोरियात जपानी माल व जपानच्या सहली यांवर बहिष्कार पडला. हाल्मोनी म्हणत होती तो उन्हाळा हाच. तिने मला न्यायालयाविषयी एक अक्षर सांगितले नाही. “बोचकी तीच, भाव तोच, पण पलीकडच्या दुकानदाराला माझ्याशी कसे बोलावे ते कळेना, आणि मलाही,” एवढेच ती म्हणाली.

मार्च २०२३ मध्ये कोरियन सरकारने, जपानी कंपन्यांऐवजी एका कोरियन प्रतिष्ठानाने मजुरांना रक्कम द्यावी, असा मार्ग काढला. त्या प्रतिष्ठानाला चार अब्ज वॉन दिले ते पोहांगच्या त्याच पोलाद कंपनीने, जी १९६५ च्या निधीतून उभी राहिली होती. काही वारसांनी पैसे घेतले, काहींनी नाकारले. संबंध सुधारले, शिखर परिषदा झाल्या, आणि करारास ६० वर्षे झाली त्या जून २०२५ मध्ये महिनाभर दोन्ही देशांच्या काही विमानतळांवर एकमेकांच्या नागरिकांसाठी वेगळ्या रांगा ठेवल्या गेल्या. बंदरांवर तशी रांग ठेवावी असे कुणाला सुचलेले दिसले नाही.

पहाटे जाग आली ती इंजिनाचा आवाज मंदावल्यामुळे. खिडकीबाहेर बेटे, मालवाहू जहाजांचे दिवे आणि स्थिर पाणी होते. शिमोनोसेकी समोर असते, पण बोट धक्क्याला लागत नाही, कारण प्रवेश तपासणीचे काम सकाळी सुरू होते आणि तोवर जहाज बाहेरच थांबते. दोन बंदरांमधले अंतर अडीचशे किलोमीटरही नाही. १९३६ साली या मार्गावर आलेली ‘कोंगो मारू’ ते आठ तासांच्या आत कापीत असे. १९०५ च्या पहिल्या बोटीला साडेअकरा तास लागत. आज नऊला निघालेला प्रवासी सकाळी आठच्या आसपास उतरतो, म्हणजे जवळजवळ १९०५ इतकाच वेळ. अनेक प्रवासी याला सेवेतील दोष मानतील. मला बंदराबाहेर थांबण्याचा तो वेळ या प्रवासातला सर्वांत चांगला वाटला. सगळे उठलेले असतात, कुणाला कुठे जाता येत नाही, गरम पाण्याच्या नळाशी नूडल्सचे डबे घेऊन जपानी आणि कोरियन रांग लावतात, आणि हाल्मोनी आपली बोचकी पुन्हा एकदा मोजते.

शाकाहारी मंडळींनी तेवढ्यासाठी एक सूचना लक्षात ठेवावी: त्या नूडल्सच्या मसाल्यात बहुधा मांस किंवा मासळी असते, जेवणघरातही निवडीला फारसा वाव नाही, तेव्हा दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर असावी. त्या चटणीविषयी माझ्या शेजाऱ्यांनी मोठ्या उत्सुकतेने चौकशी केली आणि अर्धी डबी संपवली.

शिमोनोसेकीत उतरल्यावर रेल्वे स्थानकाजवळ ग्रीन मॉल हा कोरियन वस्तूंच्या दुकानांचा भाग लागतो. तिथे बुसानच्या नावाची कमानही आहे, कारण १९७६ पासून ही दोन्ही भगिनी शहरे आहेत. खरे पाहण्यासारखे मात्र शुनपानरो. फुगू या विषारी माशाच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध असलेल्या या उपाहारगृहात एप्रिल १८९५ मध्ये जपान आणि चीन यांच्यात तह झाला. त्याच्या पहिल्याच कलमाने चीनने कोरियाचे संपूर्ण स्वातंत्र्य मान्य केले. मेजाच्या एका बाजूला जपानचे इतो हिरोबुमी होते, दुसऱ्या बाजूला चीनचे ली होंगझांग. कोरियाचा माणूस एकही नव्हता. दहा वर्षांनी हेच इतो कोरियाचे पहिले जपानी रेसिडेंट जनरल, म्हणजे संरक्षित राज्यावरचे मुख्य अधिकारी, झाले. शेजारच्या छोट्या स्मारकभवनात त्या बैठकीच्या खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत, प्रवेश मोफत आहे आणि मी गेलो तेव्हा आत दुसरे कुणी नव्हते. शुनपानरोत जेवायचे तर खिसा जड हवा, म्हणून मी बाहेरूनच नमस्कार केला.

एकंदरीत या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन; एक गुण कापतो तो वेगासाठी नव्हे, तर जहाजावर या मार्गाच्या इतिहासाचा साधा एखादा फलकही माझ्या पाहण्यात आला नाही म्हणून. मार्गावर दोन जहाजे आहेत, जपानी ‘हामायू’ आणि कोरियन ‘सॉन्गही’, आणि ती एकाआड एक रात्री निघतात. तेव्हा जाताना एक आणि येताना दुसरे पाहायचे असेल तर पलीकडे एक रात्र मुक्काम करावा, त्याच संध्याकाळी परतू नये. मी शुक्रवारी कोरियन जहाजाने गेलो आणि रविवारी संध्याकाळी जपानी जहाजाने निघालो. परतीच्या तिकिटावर शिमोनोसेकी पुढे होते, बुसान मागे, आणि दालनात कोपऱ्यातल्या गादीवर हाल्मोनी सात बोचक्यांसह आधीच आडवी झालेली होती.